निळ्या पट्टीने बांधलेली पिशवी

दिनांक १३/०२/२०२५

महेश्वरी सोमलिंग शिवशरण, वय २३ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा झेरॉक्स व टायपिंगच्या दुकानात नोकरी, राहणार लष्कर भाग, सोलापूर.

श्री. बापूसाहेब हंजगीकर यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रार अर्जाच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून मी आज सकाळी ११ वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, हा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हवालदार श्री. बसवराज कलशेट्टी यांनी आधी तो लिहून घ्यायला सुरुवात केली होती. दुसऱ्याच ओळीत 'सदर महिलेने रागाच्या भरात' असे आले. मला राग आहे, तो मी नाकारत नाही. पण भरात काही केलेले नाही. म्हणून मी स्वतः लिहिण्याची परवानगी मागितली व ती मिळाली.

मी वरील ठिकाणी माझी आई गुरम्मा, वय ४७, हिच्यासह राहते. वडील सहा वर्षांपूर्वी वारले. आमचे मूळ गाव दुधनी. आई कचऱ्याच्या घंटागाडीवर ठेकेदाराकडे कामाला आहे. गेली सोळा वर्षे ती विजापूर रोडकडील रेणुका विहार या कॉलनीचाच कचरा उचलते. या काळात ठेकेदार पाच वेळा बदलले. आई तीच राहिली, पण प्रत्येक नव्या ठेकेदाराच्या कागदावर तिची नोकरी नवीन धरली गेली. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. युनियनचे अर्ज, निवेदने मी लिहून देते.

अर्जात माझ्यावर 'घरांवर पाळत ठेवल्याचा' आरोप आहे. म्हणून गाडीवरचे काम कसे चालते ते आधी सांगते. ओला व सुका कचरा वेगळा नसेल तर डेपोवर गाडी खाली करून घेत नाहीत व त्या दिवसाची हजेरी लागत नाही. घरांतून कचरा एकत्रच येतो. त्यामुळे गाडीवरच्या बायका मागे उभ्या राहून, गाडी चालू असतानाच, पिशव्या सोडतात व हाताने कचरा निवडतात. याला पाळत म्हणायचे असेल तर ती रोज सकाळी सात ते अकरा, सर्वांच्या समोर, घंटा वाजवून ठेवली जाते.

आईला वाचता येत नाही. घरांचे नंबर तिला कळत नाहीत. तिला घरे पिशवीच्या बांधणीवरून कळतात. कुणी दुधाच्या पिशवीची कड कापून बांधतात, कुणी नुसतीच गाठ मारतात, कुणी जुन्या साडीचा काठ वापरतात. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर गाडीवर जात असे, तेव्हा मलाही हे पाठ झाले. श्री. हंजगीकर यांचे चादरी व टॉवेलचे दुकान आहे. त्यांच्या घरची पिशवी काळी असते आणि तिचे तोंड चादरीच्या गठ्ठ्याला बांधतात त्या निळ्या प्लास्टिक पट्टीने, दोन वेढे देऊन, बांधलेले असते. त्या कॉलनीत निळी पट्टी दुसरे कुणी वापरत नाही. अशी पट्टी बाजारात कुणालाही मिळते, असे हवालदार साहेब म्हणाले. मिळते. मी कॉलनीबद्दल सांगत आहे.

गाडीवरच्या बायकांचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही. पिशवीत काय निघाले ते गाडीवरून खाली उतरायचे नाही. दुसऱ्या घरी नाही, आपल्या घरी नाही, भांडणातही नाही. काही वर्षांपूर्वी एका बाईने अमक्यांच्या घरात बाटल्या निघतात असे शेजारणीला हसत सांगितले होते. तिला साहेबांनी नाही, बायकांनीच गाडीवरून उतरवले. आईने मला सोळा वर्षांत एकाही घराबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. हा नियम मी मोडला. त्याबद्दल पुढे लिहिते.

शनिवार दि. ०१/०२/२०२५ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास पिशवी निवडताना आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला इंजेक्शनची सुई लागली. ही वेळ तिच्याबरोबर काम करणाऱ्या बजाबाई यांनी सांगितली, मी तेथे नव्हते. आईने बोटाला पदर गुंडाळला व अकरापर्यंत काम केले. मला ती काही बोलली नाही. संध्याकाळी साडेसहाला भाकरी थापताना ती ते बोट वर धरत होती, म्हणून मी विचारले. आधी ती काटा लागला म्हणाली.

मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन केला. त्यांनी सांगितले, "हळद दाबा आणि उद्या वेळेवर पाठवा." मी आईला रिक्षाने सिव्हिलला नेले. पावणेआठला केस पेपर निघाला. डॉक्टरांनी एचआयव्ही व काविळीसाठी तिचे रक्त घेतले, इंजेक्शन दिले आणि अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. सुई कशी लागली असे त्यांनी विचारल्यावर "निळ्या पट्टीची पिशवी सोडताना" एवढेच आईच्या तोंडून गेले. घर तिने सांगितले नाही. मला कळले आहे हे तिला माझ्या तोंडावरून कळले. ती कानडीत म्हणाली की हे इथेच सोड. डॉक्टर मला म्हणाले, "सुई ज्यांची आहे त्यांचं रक्त तपासता आलं आणि ते चांगलं निघालं, तर गोळ्या थांबवता येतील. कळत असेल तर विचारून बघा." मला कळत होते.

रविवारी कामगारांची बैठक झाली. सोमवार दि. ०३/०२/२०२५ पासून संप सुरू झाला. मागण्या चार आहेत. हातमोजे, बूट, दवाखान्यासाठी ईएसआय कार्ड, आणि ठेकेदार बदलला तरी मागची नोकरी धरणे. निवेदन मी टाईप केले आहे. त्यात कुणाही नागरिकाचे नाव नाही.

त्याच सोमवारी सायंकाळी पाच वाजता, आईला न सांगता, मी एकटी श्री. हंजगीकर यांच्या घरी गेले. ते जाळीच्या दाराआड उभे राहून बोलले, दार उघडले नाही. मी त्यांना काका म्हणाले. आईला सुई लागली आहे, ती घरात कुणाची आहे एवढे सांगितले तर उपकार होतील, मी कुणाला बोलणार नाही, असे म्हणाले. ते म्हणाले, "आमच्या घरात कुणी सुई घेत नाही. संपाच्या नावाखाली घरोघर फिरून उकळायला लागलात काय?" मी दवाखान्याचा कागद दाखवला. तो त्यांनी हातात घेतला नाही. मी परत आले. या भेटीचा उल्लेख त्यांच्या अर्जात नाही.

गोळ्यांनी आईला उलट्या होत होत्या. तिच्या पोटात भात टिकत नव्हता, ताकही टिकत नव्हते. चौथ्या दिवसापासून ती मोरीजवळच अंथरूण टाकून झोपू लागली.

रविवार दि. ०९/०२/२०२५ रोजी, म्हणजे संपाच्या सातव्या दिवशी, सायंकाळी पाच वाजता रेणुका विहारच्या सभागृहात श्री. हंजगीकर अध्यक्ष असलेल्या नागरी मंचाने 'संप कुणाच्या हिताचा?' अशी चर्चा ठेवली होती. युनियनला लेखी बोलावणे होते. युनियनचे सचिव अनिलकुमार म्याकल, बजाबाई व मी असे तिघे गेलो. सुमारे सव्वाशे लोक होते. मी खुर्च्यांच्या रांगा मोजल्या होत्या. सुईबद्दल बोलायचे नाही असे मी जाताना ठरवले होते.

सभेत जे बोलले गेले ते मला आठवते तसे देते. एक गृहस्थ म्हणाले, "सात दिवस आम्ही नाक धरून जेवतोय." त्यावर बजाबाई म्हणाल्या, "आमी सोळा वर्सं तसंच जेवतोय की, साहेब. आन् वास तुमचाच हाय, वळखीचा लागंल." लोक हसले. आमच्या बाजूने झालेला हशा तेवढा एकच. एक बाई म्हणाल्या, "कायम केलं की गाडी दुपारी बाराला येईल. आमच्या जाऊबाईंच्या ऑफिसात बघते ना मी कायम झालेले." दुसरे गृहस्थ म्हणाले, "मग म्हणतील पोरांनाही नोकरी द्या. झाडू म्हणजे काय वतन आहे?" म्याकल यांनी सांगितले की आमच्या चार मागण्यांत ही नाही. "नाही ना? पुढच्या संपात येईल," असे ते गृहस्थ म्हणाले.

मी मागण्यांचा कागद वाचून दाखवला. तेव्हा पहिल्या रांगेतील एक बाई प्रेमाने म्हणाल्या, "तू चांगली शिकलेली दिसतेस गं. यांच्यात कशी काय?"

मी म्हणाले, "मी गुरम्मांची मुलगी."

त्या म्हणाल्या, "कोण गुरम्मा?"

आई सोळा वर्षे रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहते. त्यांच्या पिशवीला जुन्या साडीचा काठ असतो. हे मी बोलले नाही.

त्यानंतर श्री. हंजगीकर यांनी माईक घेतला. ते म्हणाले, "हातमोजे द्या, हातमोजे द्या. दिलेले जातात कुठे? मंगळवार बाजारात, विकायला." तेव्हा मी आईचे हातमोजे, जे दिवाळीच्या आधी एकदाच मिळाले होते व ज्यांची पाचही बोटे उसवलेली आहेत, मंचावरील टेबलावर ठेवले. अर्जात 'घाणेरडे हातमोजे तोंडावर फेकले' असे लिहिले आहे. मी फेकले नाहीत. ठेवताना पाण्याचा ग्लास लागून पडला व टेबलावरचे कागद भिजले, हे खरे आहे. हातमोजे धुतलेले होते.

श्री. हंजगीकर रुमालाने कागद टिपत म्हणाले, "आणि आता नवीन काढलंय, म्हणे सुई टोचली. यांच्या वस्तीत काय काय चालतं ते सोलापूरला माहीत आहे. यांच्याच घरातल्या नशेच्या सुया, आणि नाव आमच्या कचऱ्याचं."

आई त्या वेळी घरी मोरीजवळ होती. दवाखान्याचा कागद ज्यांना मी सहा दिवसांपूर्वी दाखवला होता तेच हे बोलत होते. मी दुसरा माईक घेतला. तो चालू आहे हे मला माहीत होते. मी म्हणाले ते शब्द असे होते, "काका, ती सुई तुमच्या घरच्या पिशवीत होती. काळी पिशवी, चादरीच्या गठ्ठ्याची निळी पट्टी. सुई कुणाची तेवढं सांगा, माझ्या आईच्या गोळ्या बंद होतील." यापेक्षा जास्त मी बोलले नाही. 'हंजगीकरांच्या घरात एड्स आहे' असे मी म्हणाल्याचे अर्जात लिहिले आहे. मी कोणत्याही रोगाचे नाव घेतलेले नाही. कॉलनीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओतही ते नाही. तो व्हिडिओ माझ्या वाक्यापासून सुरू होतो, श्री. हंजगीकर यांचे आधीचे वाक्य त्यात नाही. ते वाक्य कापलेले आहे.

सभागृहात गोंधळ झाला, पण सुईवरून झाला नाही. मागून एक बाई ओरडल्या, "म्हणजे तुम्ही आमच्या पिशव्या उघडून बघता?" दुसऱ्या म्हणाल्या, "कुणाची कुठली पिशवी ते पण माहीत आहे यांना!" एका तरुण मुलीने उभे राहून विचारले, "आमच्या घरातलं काय काय माहीत आहे तुम्हाला?"

बजाबाई म्हणाल्या, "समदं माहीत हाय. पर आमी कवा बोललो?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

त्यानंतर सभा संपली. हातमोज्यांवर, बुटांवर, कार्डावर कुणी काही बोलले नाही. म्याकल यांनी बाहेर आल्यावर मला सांगितले, "ताई, सात दिवस लोकं आमच्या हाताकडं बघत होती. आता डोळ्याकडं बघणार." त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. दुसऱ्या दिवशी मंचाने, कामगार नागरिकांच्या खासगी गोष्टींवर नजर ठेवतात, म्हणून गाडीवरच्या सर्व बायका बदलाव्यात, असे पत्र ठेकेदाराला दिले. बारा बायका आहेत. त्यांनी काहीही केलेले नव्हते.

आईला हे बजाबाईंकडून कळले. ती सोमवारी संध्याकाळी गोळी घेताना म्हणाली, "सोळा वर्सं मी त्यांची घरं झाकली. तू एका मिंटात उघडी केलीस की." मी म्हणाले की ते तुला नशेबाज म्हणाले. ती म्हणाली, "म्हणू दे. त्यांचं तोंड हाय. तुजं तोंड मी शाळंत घातलं ते ह्यासाठी न्हाय." नंतर तिला उलटी झाली व मी तिची पाठ धरली.

श्री. हंजगीकर यांच्या घरात लग्नकार्य ठरलेले असून माझ्या बोलण्याने बदनामी झाली, असे अर्जात आहे. लग्नाचे मला अर्ज वाचल्यावर कळले.

मंगळवार दि. ११/०२/२०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी काम करते त्या दुकानात श्री. हंजगीकर यांच्या घरातील एक व्यक्ती एकटीच आली. आधार कार्डाची एक प्रत काढून घेतली. मग दुसरी काढायला सांगितली. नंतर तिसरी. दुकानातील गिऱ्हाईक गेल्यावर त्या व्यक्तीने मला विचारले, "सिव्हिलला कुठल्या खिडकीवर जायचं असतं?"

मी मालकांना विचारून दोन तासांची सुट्टी घेतली. आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. त्या व्यक्तीने आईच्या डॉक्टरांना सांगितले की सुई माझी आहे, रोज लागते, आणि घरात ती बाहेरच्या कुणाला कळू द्यायची नाही असे सांगितलेले असल्यामुळे कचऱ्यात खोल दाबून टाकावी लागते. रक्त दिले. बाहेर बाकावर बसल्यावर त्या व्यक्तीने मला, हे लपवण्याचे कारण काय, तेही सांगितले. मी त्या व्यक्तीची माफी मागितली. त्या व्यक्तीने विचारले, "गुरम्मा मावशी कशा आहेत?" आईचे नाव त्या घरात कुणाला माहीत असेल असे मला वाटले नव्हते. मी खरे ते सांगितले.

बुधवारी दुपारी तपासणीचा निकाल आला. रक्त चांगले आहे. डॉक्टरांनी आईच्या गोळ्या बाराव्या दिवशी बंद केल्या. सहा आठवड्यांनी तिची एकदा परत तपासणी करायची आहे. काल संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि ती टिकली.

हवालदार साहेबांनी मला विचारले की ही व्यक्ती कोण. त्या व्यक्तीचे नाव व दवाखान्याचा कागद दिला तर सुई त्याच घरातील होती हे सिद्ध होईल आणि माझ्यावरचा अर्ज आजच निकाली निघेल, असे त्यांनी समजावून सांगितले. ते खरे आहे. "बाई, तुमचं नाव कनिष्ठ लिपिकाच्या निवड यादीत आहे ना? चारित्र्य पडताळणी इथंच येणार. तेवढ्यासाठी तरी लिहा," असेही ते म्हणाले. त्यांनी हे चांगल्या मनाने सांगितले आहे, याची नोंद करते. परंतु ती व्यक्ती पुरुष की स्त्री, वय काय, आजार कोणता, हे मी सांगणार नाही. ते नाव दवाखान्यातील डॉक्टरांकडूनही काढू नये. मी हे लेखी विचारल्यावरही सांगणार नाही व कोर्टात विचारल्यावरही सांगणार नाही. कारण विचाराल तर, एकदा बोलून पाहिले आहे.

श्री. हंजगीकर यांनी त्यांच्या वकिलांमार्फत एक माफीनामा टाईप करून पाठवला आहे. त्यावर सही केल्यास अर्ज मागे घेण्यास ते तयार आहेत. त्यात 'सुई अर्जदाराच्या घरातील नव्हती व मी संपाच्या फायद्यासाठी खोटे बोलले' असे वाक्य आहे. त्यावर मी सही करणार नाही, कारण ते खोटे आहे, हे आता मला माहीत आहे आणि श्री. हंजगीकर यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. माझी आई दहा दिवस ज्या गोळ्या ओकत होती त्या जाळीच्या दाराआडून एका शब्दाने थांबल्या असत्या. तो शब्द मला एकटीलाच हवा होता. मी तो कुणाला सांगितला नसता. सभेत त्यांनी ते वाक्य उच्चारले नसते तर मीही माझे वाक्य उच्चारले नसते.

भर सभेत घर ओळखू येईल असे बोलले, ही माझी चूक आहे. त्याची माफी मला ज्या व्यक्तीकडे मागायची होती तिच्याकडे मी मागितली आहे. बजाबाई व इतर बायकांकडेही मागितली आहे. त्यांनी अजून काही म्हटलेले नाही. श्री. हंजगीकर यांच्याकडे मी माफी मागणार नाही.

संपाचा आज अकरावा दिवस आहे. हातमोजे मिळालेले नाहीत.

माझी एकच विनंती आहे. माझ्या बोलण्याची खातरजमा करण्यासाठी पोलिसांनी श्री. हंजगीकर यांच्या घरी जाऊ नये व घरातील कुणालाही काही विचारू नये. त्यामुळे माझ्याकडे पुरावा नाही असे धरले गेले तर तसे धरावे.

वरील जबाब मी स्वतः लिहिला व हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचल्यावर ऐकला. दोन ठिकाणी वेळ दुरुस्त केली असून तेथे छोटी सही आहे. जे लिहिले आहे ते खरे आहे. जे लिहिलेले नाही ते मी जाणून लिहिलेले नाही.

सही
महेश्वरी सोमलिंग शिवशरण

समक्ष
बसवराज कलशेट्टी, पोलीस हवालदार